मदत हवी आहे: टीटी-०२ डावीकडे वळताना मागून फिरते, आधी काय बदलू?

नमस्कार मंडळी,

आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाड्या चालवणारे कुणी असाल तर मार्गदर्शन हवं आहे. लिखाण लांबलंय, पण अर्धवट माहिती दिली तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

गाडी तामिया टीटी-०२, १:१० मापाची, शाफ्टवर चालणारी फोर व्हील ड्राइव्ह. दिवाळीत किट आणलं आणि मी व माझी मुलगी (सातवीत आहे) दोघांनी चार रात्रींत जोडलं. पहिल्यांदा गॅस दिला तेव्हा गाडी पुढे जाईना, जागच्या जागी कुरकुरत राहिली. पुढची चाकं एकीकडे आणि मागची उलटी फिरतायत, म्हणजे एक डिफ (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) उलटा बसलाय, हे तिनेच ओळखलं. तेव्हापासून गाडीवर तिचा हक्क माझ्यापेक्षा जास्त आहे.

चालवतो सोसायटीच्या मागच्या पार्किंगमध्ये. जमीन सिमेंटची, मध्ये दोन सांधे आणि धूळ भरपूर. रविवारी सकाळी सहाला खराट्याने झाडून घेतो, पाण्याच्या बाटल्या ठेवून ट्रॅक आखतो आणि लोक गाड्या काढायला लागेपर्यंत, म्हणजे साडेसातपर्यंत चालवतो.

आतापर्यंत केलेले बदल, ज्या क्रमाने केले त्या क्रमाने:

सगळे बुश (दांडे ज्यात फिरतात त्या साध्या कड्या) काढून बॉल बेअरिंग टाकले, ११ बाय ५ चे बारा आणि १५ बाय १० चे चार. हा खर्च शंभर टक्के वसूल झाला. गाडी हाताने ढकलून सोडली तर आधी जेमतेम दोन फरश्या जायची, आता पाच जाते.

मग किटमधले घर्षणाचे डँपर (धक्के शोषणारे) काढून तेलाचे सीव्हीए डँपर लावले. सांध्यावरून उडायची ती आता बसून जाते.

त्यानंतर मोटर. किटच्या ५४० मोटरच्या जागी स्पोर्ट ट्यून्ड (जास्त वेगाची) आणली आणि त्याच दिवशी २२ दातांचं पिनियन (मोटरवरचं छोटं गिअर) काढून २५ चं घातलं. स्पर (पिनियन ज्याला फिरवतं ते मोठं गिअर) ७०चाच आहे, त्यामुळे रेशो (चाकाच्या एका फेरीमागे मोटरच्या फेऱ्या, आतले गिअर धरून) ८.२७ वरून ७.२८ वर आला. मला वाटतं, इथेच घाई झाली.

आता अडचण. सरळ रेषेत वेग छान आहे. उजवीकडच्या वळणाला गाडी शहाण्यासारखी वळते. पण डावीकडे वळताना मध्येच गॅस सोडला की मागची बाजू सटकन बाहेर जाते आणि गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडाने उभी राहते. दहांपैकी सात वेळा. मुलगी आता डावं वळण पूर्ण गॅस देऊन नाहीतर रांगत घेते, मधलं काही उरलेलं नाही. तिच्या हाताला ही सवय लागू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरं, सहा-सात मिनिटांत मोटर एवढी तापते की बोट टेकवता येत नाही. बॅटरी ७.२ व्होल्टची निकेल, ३००० एमएएच.

तिसरं, स्टीअरिंगचा प्ले (ढिलाई). गाडी दोनदा कठड्याला पुढून धडकली आहे. मी भोसरीत टूलरूममध्ये काम करतो, त्यामुळे मोजल्याशिवाय चैन पडत नाही. गाडी घट्ट धरून पुढच्या डाव्या चाकाच्या कडेला डायल गेज लावला आणि चाक बोटाने हलवलं. सर्व्हो (स्टीअरिंग वळवणारी छोटी मोटर) जागचा हलत नाही आणि चाकाच्या कडेला २.८ मिमी प्ले. उजव्याला २.१. एवढ्या प्लेने सरळ जाताना गाडी थोडी भरकटणारच.

खर्चाची मर्यादा चार हजार. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा स्टीअरिंग सेट आणि हाय टॉर्क सर्व्हो सेव्हर (धडकेत सर्व्होला वाचवणारा भाग) घेऊ, की मऊ टायर घेऊ, की मागच्या स्प्रिंग? कामावर एकजण म्हणाला की हे सगळं सोड आणि सरळ ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली, जास्त ताकदीची मोटर) टाक. मला ते पटत नाही, पण माझा अनुभव सहा महिन्यांचाच आहे. आधी काय करू?

प्रतिसाद १

पिनियन परत २२ किंवा २३ करा. छोट्या पार्किंगमध्ये वरचा वेग गाठायला जागाच मिळत नाही, मोटर नुसती ओढत राहते आणि तापते. २२ घातल्यावर वळणातून बाहेर पडताना गाडी जास्त चपळ वाटेल. पिनियन बदललं की मोटरच्या स्क्रूची जागाही बदलते, मॅन्युअलमधला तक्ता बघूनच बसवा. ब्रशलेस आता नको.

प्रतिसाद २

दादा, तुम्ही मोजमापं दिलीत म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या वर्णनातला सर्वात महत्त्वाचा शब्द 'डावीकडे' हा आहे. गाडी दोन्ही बाजूंना फिरत असती तर मी स्प्रिंग आणि डिफबद्दल बोलले असते. एकाच बाजूला फिरते याचा अर्थ गाडीच्या डाव्या-उजव्या अंगात काहीतरी सारखं नाही. डावीकडे वळताना सगळा भार उजव्या बाजूच्या चाकांवर येतो. गॅस सोडला की वजन पुढे सरकतं, मागचं टोक हलकं होतं, आणि मागच्या पकडीचं जे काही उरतं ते मुख्यतः उजव्या मागच्या चाकावर असतं. तिथेच बघा. काही विकत घ्यायच्या आधी पुढच्या गोष्टी तपासा, त्यांना पैसे लागत नाहीत.

मागचे दोन्ही डँपर सुटे करून स्प्रिंग काढा आणि दांडा हळूहळू आत ढकला. एकाचा आवाज फसफस येत असेल तर आत हवा आहे. तेल भरून, पिस्टन वरखाली करून बुडबुडे जाऊ द्या आणि मगच झाकण लावा. दोन्हींत पिस्टनची भोकं सारखीच आहेत ना, तेही बघा. आमच्याकडे एकदा एका बाजूला दोन भोकांचा आणि दुसऱ्या बाजूला तीन भोकांचा बसला होता, दोन महिने कळलं नाही.

चॅसिस पिळली आहे का ते असं बघा. गाडी सपाट काचेवर ठेवा, मागच्या बंपरखाली अगदी मधोमध सुरीचं टोक घालून उचला. दोन्ही चाकं एकदम सुटली पाहिजेत. एक आधी सुटलं तर धडकेत पीळ बसलाय. खालचे स्क्रू थोडे सैल करून, गाडी काचेवर दाबून पुन्हा आवळा.

आणि टायर रिमला चिकटवलेत का? तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. किटच्या मोटरवर न चिकटवता चालून जातं, पण स्पोर्ट ट्यून्डवर रबर रिमवर घसरतं किंवा वळणात कडेने निसटतं. पांढऱ्या पेनने टायर आणि रिम दोन्हींवरून एक सरळ रेघ ओढा, चारही चाकांना. पाच मिनिटं चालवा आणि रेघ बघा.

यानंतरही गाडी नाचरी वाटली तर पुढच्या डिफमध्ये घट्ट अँटी-वेअर ग्रीस भरा आणि मागचा डिफ मोकळा ठेवा. पुढून थोडी आळसावेल, पण गॅस सोडल्यावर मागून सुटायची कमी होईल. मागच्या चाकांना २.५ अंश टो-इन (चाकांची पुढची कड किंचित आत वळवणं) देणारे अपराइट (चाक धरणारे भाग) ही मिळतात, पण ते नंतर. तुमच्या जमिनीवर गाडीच्या तळाची उंची ६ मिमीच्या खाली नेऊ नका, सांध्यावर घासेल.

चार हजारांत माझा क्रम: टायरचा गोंद, मऊ टायरचा एक सेट, सर्व्हो सेव्हर. अ‍ॅल्युमिनियम स्टीअरिंग सर्वात शेवटी. पुढेमागे लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) घेणार असाल तर तुमच्या ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरला) लायपोचा कटऑफ (व्होल्टेज उतरलं की मोटर बंद करायची सोय) आहे का ते आधी बघा. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की बॅटरी कामातून जाते.

धागाकर्ता, रविवारी सकाळी

ताई, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

काल रात्री डँपर तपासले, दोन्ही ठीक निघाले. काचेवर चाकंही एकदम सुटली. मग मुलीने करेक्शन पेनने चारही चाकांवर रेघा ओढल्या. आज सकाळी पिनियन २२चं घातलं आणि पाच मिनिटं चालवली. तीन चाकांच्या रेघा जशाच्या तशा. उजव्या मागच्या चाकाची टायरवरची रेघ रिमवरच्या रेघेपासून दोन बोटं पुढे सरकलेली, आणि आतली कड अंगठ्याने दाबली तर रबर खोबणीतून सहज बाहेर येतंय.

चूक माझीच. दिवाळीत चार चाकांपैकी तीनच चिकटवून झाली होती. चौथं तसंच बाजूला ठेवलं, कारण गोंदाची नळी संपली होती, आणि नंतर ते तसंच गाडीला लागलं. टूलरूममध्ये असं झालं असतं तर मी दुसऱ्याला सोडलं नसतं.

स्पिरिटने रिम पुसून, रबर बँड लावून कडेने पातळ गोंद सोडला आणि अर्धा तास थांबलो. त्यानंतर तिने डावं वळण वीस वेळा घेतलं, मुद्दाम मध्ये गॅस सोडून. गाडी दोनदा फिरली, दोन्ही वेळा सांध्यावरच्या धुळीत. मोटरही आता दहा मिनिटांनंतर हात ठेवता येईल इतपतच तापते.

स्टीअरिंगचा प्ले आहेच. सर्व्हो सेव्हर आज मागवतो. बेलक्रँकच्या (सर्व्होची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या वळत्या दांडीच्या) भोकात प्ले किती आणि बॉल एंडमध्ये (दांड्यांच्या टोकाच्या गोळीच्या सांध्यात) किती, हे उद्या कामावरून आल्यावर वेगवेगळं मोजून इथे टाकतो. बेलक्रँकमध्येच जास्त निघाला तर तिथे पितळेचे पातळ बुश टर्न करून बसवावेत असा विचार आहे. कुणी तसं केलंय का? भोक रीम करताना (रीमरने मोठं करताना) प्लॅस्टिक किती सोडावं हे सांगितलंत तर बरं होईल.