कच्च्या कैद्याला घरच्यांनी भेटणं हा हक्कच आहे

बांधावरची_बाभळ:

आमच्या तालुक्याच्या एका ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकाने लिहिलं, की खुनाच्या गुन्ह्यातल्या आरोपींच्या मुलाखती, म्हणजे घरच्यांच्या भेटी, निकाल लागेपर्यंत बंदच कराव्यात, आत गेलेला माणूस पाहुणचाराला गेलेला नसतो. खाली चाळीसेक अंगठे. त्यातले कितीतरी जण आमच्या घरी जेवलेले आहेत. तिथे बोलवेना, म्हणून इथे लिहिते.

माझा थोरला भाऊ १९ महिने कच्चा कैदी होता, म्हणजे निकाल लागायच्या आधीच आत. शेताच्या बांधावरून मारामारी झाली, त्यात एक जण गेला, फिर्यादीत अकरा नावं आणि त्यात ह्याचं. आता तो जामिनावर आहे, खटला चालू आहे. तो दोषी की निर्दोष ते कोर्ट ठरवेल, त्यावर इथे मी बोलणार नाही.

एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली आणि त्याला दीडशे किलोमीटरवरच्या कारागृहात पाठवलं. आई आणि मी पहाटे चारच्या एसटीने निघायचो. खिडकीवर आधार कार्ड दाखवून नाव नोंदवायचं आणि पुकारा होईपर्यंत पत्र्याच्या शेडखाली बसायचं. कधी अकरा वाजत, कधी दोन. मग काचेपलीकडे तो, हातात रिसीव्हर, वीस मिनिटं. आईला कमी ऐकू येतं. रिसीव्हर मी धरायचे, तो बोलेल ते तिला मोठ्याने सांगायचे आणि तिचं त्याला. वीसची दहाच मिनिटं उरायची.

त्या दहा मिनिटांत काय बोलायचो? जामीनदार कोण राहील, मामांचा सातबारा कोरा आहे की सोसायटीचं कर्ज चढलंय, तहसीलमधून सॉल्व्हन्सी (जामीनदाराच्या ऐपतीचा दाखला) कधी मिळेल, वकिलांची राहिलेली फी. मारामारीच्या दिवशी तो ज्या डॉक्टरांकडे गेलो होतो म्हणतो, त्यांची चिठ्ठी घरात कुठल्या डब्यात आहे. ती चिठ्ठी पुढे जामीन अर्जाला जोडली. ती कुठे ठेवलीय हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. भेट बंद असती तर ती डब्यातच राहिली असती.

एकदा तर आईला दारातून परत पाठवलं. त्याने नातेवाइकांच्या यादीत तिच्या नावापुढे 'बाई' लावलं होतं, आधारवर 'बाई' नव्हतं. परतीच्या एसटीत ती एक शब्द बोलली नाही.

२०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती, त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांवर अजून काही सिद्धच झालेलं नाही. ज्याला कोर्टाने शिक्षा दिलेली नाही, त्याला आणि त्याच्या आईला ही वेगळी शिक्षा कोण देतंय? आणि खटला लढायची तयारी त्याने आतून एकट्याने कशी करायची?

---

खाकी_निवृत्त:

ताई, तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं. पण मी ३१ वर्षं पोलिसांत काढली, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो.

गावातल्या खुनात साक्षीदार आरोपीच्या घरापासून दोन घरं सोडून राहतो. मुलाखतीत 'पाटलांच्या पोराला म्हणावं, विहिरीवर सांभाळून जा' एवढं वाक्य पुरतं. जवळ उभ्या शिपायाला त्यात काळजी ऐकू येते, साक्षीदाराला धमकी. पंच आणि साक्षीदार फुटलेले मी डोळ्यांनी पाहिलेत, आणि खटला पडला की शिव्या आम्हालाच. म्हणून माझं मत: आरोपपत्र दाखल होईपर्यंत तरी फक्त वकिलांना भेटू द्यावं, घरच्यांना नको. कायमचं बंद करा असं मी म्हणत नाही.

---

बांधावरची_बाभळ:

काका, तुम्ही म्हणता ते घडतं, हे मी नाकारत नाही. पण आरोपपत्राआधीचे हेच ६० किंवा ९० दिवस घरच्यांची सगळ्यात जास्त गरज असते. मुदतीत आरोपपत्र आलं नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. तो मागायला वकील लागतो, वकील गाठायला घरचं माणूस लागतं. तुम्ही 'फक्त वकील' म्हणता, पण बराकीतल्या कितीजणांना वकील आहे? आमच्या वकिलांनी पहिल्या चार महिन्यांत एकदाही आत पाऊल ठेवलं नाही, वकीलपत्रावर सही कोर्टात घाईघाईत झाली.

आणि धमकी द्यायची असेल तर आमच्यासारखे पहाटेच्या एसटीने येऊन, आधार दाखवून, नाव लिहून, शिपायासमोर काचेतून कोण देईल? ज्याची पोहोच आहे त्याला मुलाखतीची गरजच पडत नाही. बंदीचा फटका बसतो तो ज्याच्याकडे दुसरी वाटच नाही त्याला.

---

काळा_कोट_जिल्हा_कोर्ट:

कायदा थोडक्यात सांगते. १८९४ चा तुरुंग कायदा इंग्रजांचा. त्याच्या कलम ४० मध्येही, ज्याच्यावर दोष सिद्ध झालेला नाही अशा बंद्याला ज्यांच्याशी बोलायचं असेल त्यांना योग्य वेळी, योग्य निर्बंधांसह आत येऊ द्यायची तरतूद करा, असं आहे. कलम ४१ मध्ये भेटायला येणाऱ्याचं नाव-पत्ता विचारण्याचा आणि झडतीचा अधिकार आहे. म्हणजे काकांच्या काळजीसाठी निर्बंध सव्वाशे वर्षांपासून हाताशी आहेत.

१९८१ चा फ्रान्सिस कोरॅली म्युलिन खटला पाहा. ही बाई कच्ची कैदीही नव्हती, तस्करीविरोधी कायद्याखाली स्थानबद्ध, म्हणजे खटला न चालवता आत ठेवलेली होती. पाच वर्षांच्या मुलीला महिन्यातून एकदाच भेटू देत होते. त्या तुरुंगाच्याच नियमांत कच्च्या कैद्यांना आठवड्याला दोन आणि शिक्षा झालेल्यांना एक भेट होती. सर्वोच्च न्यायालयाने ती महिन्याची अट रद्द केली. जगण्याच्या हक्कात माणसासारखं जगणं येतं आणि कुटुंबाला भेटणं त्याचाच भाग आहे, असं म्हणून आठवड्याला किमान दोन भेटी द्यायला सांगितलं.

आपल्या मातीतलंही एक उदाहरण आहे. प्रभाकर संझगिरी मुंबईत स्थानबद्ध असताना त्यांनी अणूवर मराठीत शास्त्रीय पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छापण्यासाठी बायकोकडे पाठवायचं होतं, महाराष्ट्र सरकारने नकार दिला. उच्च न्यायालयात सरकार हरलं आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही. कायद्याने स्पष्ट काढून घेतलेला नाही तो हक्क बंद्याकडेच राहतो, हे त्यात ठरलं. म्हणूनच भेटीला कुणी 'सवलत' म्हटलं की मला खटकतं.

---

रिकामा_पाट:

मी हे सगळं वाचलं. माझा भाऊ गेला. आरोपी आत आहेत, त्यांच्या बायका-आया दर आठवड्याला त्यांना बघून येतात. गावात उतरल्यावर सांगतात, बारीक झालाय, खोकला आहे. मी कोणत्या खिडकीवर नाव नोंदवू? माझ्या भावाशी वीस मिनिटं कोण बोलू देणार मला?

आम्हाला तर तारीखही कुणी कळवत नाही. दोनदा गेलो, दोन्ही वेळा कळलं की पुढची पडली. त्यांच्या हक्कांवर एवढं बोलता, आमच्या हक्कांवर कधी बोलणार?

---

साधा_हिशोब:

भावना बाजूला ठेवतो. दिल्लीत आठवड्याला दोनच भेटींची मर्यादा आहे, तिला आव्हान दिलं होतं. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मर्यादा ठेवली. बंद्यांची संख्या आणि मनुष्यबळ पाहून नियम करायचा अधिकार प्रशासनाला आहे, हे कोर्टही मानतं. तुरुंग क्षमतेच्या वर भरलेत. एवढ्या माणसांना बराकीतून आणायचं, न्यायचं, झडती घ्यायची, कोणी करायचं? व्हिडिओ कॉल आलाय, ई-मुलाकात आहे. घरबसल्या बोला. चारची एसटीही नको.

---

बालवाडी_ते_बराक:

साधा_हिशोब, मी बंद्यांच्या मुलांसोबत काम करते. व्हिडिओ कॉल हवाच, विशेषतः नांदेडचं कुटुंब आणि मुंबईतला तुरुंग असं असेल तेव्हा. कोरोनात २०२० मध्ये मुलाखती थांबल्या तेव्हा फोननेच माणसं तगली. पण प्रत्यक्ष भेटीऐवजी म्हणून तो नको. ज्या घरी एकच फोन आहे आणि तो कामावर जाणाऱ्याच्या खिशात असतो, तिथे ठरलेल्या वेळेला कॉल लागत नाही. चार वर्षांच्या मुलाला पडद्यावरचा बाप दोन मिनिटांत कंटाळवाणा होतो, तो उठून खेळायला जातो. बाप तिकडे रिकाम्या भिंतीशी बोलत राहतो.

आपल्या काही कारागृहांत 'गळाभेट' होते, त्यात मुलं काचेविना बापाच्या मांडीवर बसतात. मी पाहिलेल्या कार्यक्रमात ती सगळी शिक्षा झालेल्या बंद्यांची मुलं होती. ज्याला शिक्षा झाली त्याचं मूल त्याच्या गळ्यात पडू शकलं, आणि ज्याचा निकालच लागलेला नाही त्याचं काचेबाहेर. हे मला आजही पटत नाही.

आणि दिल्लीच्या निकालात आठवड्याला दोन भेटी मिळतात हे तर कायमच राहिलं. इथे वाद भेटी बंद करण्याचा आहे.

---

खाकी_निवृत्त:

वकीलताईंचं वाचून एवढं मान्य करतो की सरसकट बंदी टिकणार नाही. पण ज्या प्रकरणात साक्षीदाराने तक्रार केली, तिथे तरी अडवायची सोय हवी की नको?

---

बांधावरची_बाभळ:

हवी, काका. साक्षीदाराने तक्रार दिली, तर त्या ठरावीक माणसाची भेट, ठरावीक मुदतीपुरती, कारण लेखी देऊन थांबवा आणि कोर्टापुढे ठेवा. त्या कागदावर आम्हाला दाद मागता येईल. साक्षीदाराला संरक्षण द्यायची योजना २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलीय, तीही वापरा. पण एकाने धमकी दिली म्हणून बाकी दहा जणांच्या आया शेडखालून परत पाठवू नका.

रिकामा_पाट, तुम्हाला काय लिहावं हे दोन दिवस सुचलं नाही. मी आरोपीच्या बाजूची, तुम्हाला माझं नाव दिसलं तरी त्रास होत असेल. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या भेटी बंद झाल्याने तुम्हाला काही मिळेल असं मला वाटत नाही, पण तारखेचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे आणि तो तुमचा हक्क आहे.

---

काळा_कोट_जिल्हा_कोर्ट:

रिकामा_पाट, तारखेसाठी ई-कोर्ट्सच्या अॅपवर खटल्याचा सीएनआर नंबर (कोर्टाने प्रत्येक खटल्याला दिलेला वेगळा नंबर) टाका, पुढची तारीख आणि आधी काय झालं ते दिसतं. नंबर सरकारी वकिलांकडे किंवा कोर्टाच्या कारकुनाकडे मिळेल. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादी किंवा पीडिताला कळवायचं बंधन पोलिसांवर आहे. सरकारी वकिलांना मदत करायला तुमचा स्वतःचा वकीलही कोर्टाच्या परवानगीने उभा राहू शकतो. पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, तिथे फक्त आरोपींनाच वकील देतात असं नाही.

---

रिकामा_पाट:

सीएनआर नंबर फिर्यादीच्या कागदावर असतो का?

---

काळा_कोट_जिल्हा_कोर्ट:

नाही, त्यावर एफआयआर नंबर असतो. अॅपमध्ये पोलीस ठाणं, एफआयआर नंबर आणि वर्ष टाकूनही खटला शोधता येतो. नाही सापडला तर मला निरोप पाठवा, मी शोधून देते.