प्रतिसाद: ग्लेन थेट सिनेटर झाले नाहीत
अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन ‘यानातून उतरले आणि प्रसिद्धीवर सिनेटर झाले’ असं वर म्हटलंय. इतकं सोपं नव्हतं ते. १९६२ ला पृथ्वीच्या ३ प्रदक्षिणा, १९६४ ला उमेदवारी. पण बाथरूममध्ये डोकं आपटून आतल्या कानाला इजा झाली, म्हणून माघार. १९७० ला पक्षांतर्गत निवडणुकीतच हरले. ओहायोतून जिंकले १९७४ ला, मग सलग २४ वर्षं.

आपल्याला ते झोंबले तारापूर अणुवीज केंद्राच्या बाबतीत. १९७८ च्या अमेरिकी अण्वस्त्रप्रसारविरोधी कायद्यामागे तेच होते: सगळ्या अणुकेंद्रांची तपासणी मान्य नसेल तर अमेरिकेचं अणुइंधन बंद. भारत बधला नाही. पुढे युरेनियम फ्रान्सने दिलं. पोखरण अणुचाचण्यांनंतरचे १९९८ चे अमेरिकी निर्बंधही तिथल्या कायद्यातल्या ‘ग्लेन दुरुस्ती’मुळेच. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सिनेटर असतानाच, ७७ व्या वर्षी, स्वारी डिस्कव्हरी यानातून पुन्हा अंतराळात!