दर महिन्याला अपडेट, दर महिन्याला खोळंबा. डीटीपीवाल्याने करायचं काय?

डीटीपीवाला_विटा
राम राम मंडळी. लग्नसराई चालूये, डीटीपीचं म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं माझं दुकान, रोज दहा-पंधरा पत्रिका, आणि काल सकाळी शटर उघडून बघतो तर मशीनने रात्रीत आपोआप अपडेट घेऊन रिस्टार्ट मारलेला. चार फाइली उघड्या होत्या, तीन सेव्ह होत्या, चौथी गेली (माझीच चूक, माहितीये). वर मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर डोंगलच (यूएसबीला लावायची लायसन्सची किल्ली) ओळखेना. नवरीचे मामा समोर खुर्ची टाकून बसलेत आणि मी आपला डोंगल काढतोय, घालतोय. मागच्या महिन्यात प्रिंटर गायब झालेला. हे कायमचं बंद करता येतं का? आणि युनिकोडवर (सगळीकडे चालणारी नवी टाइप पद्धत) जा असं कुणी सांगू नका, आमच्या प्रेसवाल्याला जुन्याच फॉन्टची फाइल लागते.

खटपट्या
काल बुधवार होता ना भाऊ? मग बरोबर. विंडोजचे मोठे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुटतात, तिकडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे १० म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्री साडेदहा-साडेअकरा. तारीख ठरलेली असते, कॅलेंडरवर गोल कर आणि त्या दिवशी सगळं सेव्ह करून मशीन बंद करूनच घरी जा. विंडोज ११ असेल असं धरतो, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघड, तिथे पॉज आहे, ५ आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, पण मुदत संपली की आधी साचलेले अपडेट घ्यावे लागतात मगच परत पॉज मिळतो. ॲडव्हान्स्डमध्ये ॲक्टिव्ह अवर्स (या वेळात मशीन आपोआप रिस्टार्ट होत नाही) हाताने टाक, जास्तीत जास्त १८ तास. डोंगलसाठी डिव्हाइस मॅनेजरमध्ये रोल बॅक ड्रायव्हर (आधीचा ड्रायव्हर परत आणायचं बटण) दाबता येतंय का बघ.

बिनधास्त_नाना
एवढं कशाला, सर्व्हिसेसमध्ये जाऊन अपडेट डिसेबल, विषय कट. तीन वर्षं झाली काहीही झालेलं नाही.

शीतल_अकाउंट्स
नाना, एकतर ती सर्व्हिस कधीकधी आपली आपण परत चालू होते. आणि वॉनाक्राय विसरलात का, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस? त्याचा पॅच (भोक बुजवणारा अपडेट) मार्च २०१७ मध्येच आलेला, हल्ला झाला १२ मेला, दोन महिने होते हातात. ज्यांनी घेतला नाही त्यांच्यातले कितीतरी अडकले, इंग्लंडच्या सरकारी हॉस्पिटलांमध्ये अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. दादांच्या दुकानात तर दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात. आठ-दहा दिवस थांबवा, तेवढ्यात कुणाचं काय बिघडलं ते कळतं, मग रविवारी दुकान बंद असताना घ्या.

कंपोझिटर_काका
माझ्याकडे दोन मशीन. फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर जुन्या डब्यावर, त्याला नेटची वायरच नाही, म्हणजे अपडेटही नाही. मेल, व्हॉट्सॲप, गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह सगळं दुसऱ्यावर, तिथे स्कॅन करून मगच माझा स्वतःचा पेनड्राइव्ह इकडे येतो. हार्डडिस्कची इमेज (अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत) काढून ठेवलीये, मेलाच डबा तर दुसऱ्या डिस्कवर चढवायची.

डीटीपीवाला_विटा
खटपट्या भाऊ, रोल बॅकचं बटण फिकं होतं, दाबताच येईना. शेवटी डोंगलची मूळ सीडी शोधली, ड्रायव्हर परत टाकला, चाललं. सध्या पॉज करून ठेवलंय. काका, कोपऱ्यात एक जुना डबा पडलाय खरा, पण इमेज कशाने काढता?

कंपोझिटर_काका
उद्या दुपारनंतर लिहितो, आत्ता माझ्याकडेपण एक मामा बसलेत.