मदत हवी आहे: विंडोज ९८ ला झिप ड्राइव्ह दिसत नाही

नमस्कार मंडळी, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी मामांचा छापखाना होता. लग्नपत्रिकांच्या फाइली १०० एमबीच्या ९ झिप डिस्कांत (जाडसर फ्लॉपीसारख्या जुन्या डिस्का) अडकल्यात. ड्राइव्ह आयोमेगाचा, प्रिंटर पोर्टला लागणारा. पीसी पेन्टियम, यूएसबी नाही.

आयोमेगाचा गेस्ट प्रोग्रॅम (ड्राइव्ह शोधून जोडून देणारा) चालवला की ड्राइव्ह सापडत नाही एवढंच म्हणतो. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) पोर्टचे ईपीपी, ईसीपी, साधा असे सगळे प्रकार करून झाले. पोर्टचा पत्ता ३७८ आहे. मधला प्रिंटर काढला, केबलही बदलली. अडॅप्टर मीटरने मोजला, ५ व्होल्ट बरोबर येतात. हिरवा दिवा लागतो, डिस्क टाकली की पिवळा एकदा लुकलुकून विझतो. टकटक आवाज मात्र नाही, म्हणून हेड शाबूत असावं असं वाटतं. डिस्क एकच टाकून पाहिली, बाकीच्यांना बिघडतील या भीतीनं हात लावला नाही.

यूएसबीचं प्रिंटर कन्व्हर्टर सुचवू नका, ते फक्त प्रिंटरपुरतंच असतं. नागपूरला नेणं शेवटचा उपाय, कारण पीसी हलवणं जिवावर येतं.

भावाच्या जुन्या पीसीवर लिनक्स आहे, प्रिंटर पोर्टसकट. तिथं झिप ड्राइव्हसाठी पीपीए आणि आयएमएम असे दोन ड्रायव्हर आहेत. केबलवर 'ऑटोडिटेक्ट' लिहिलेलं असेल तर आयएमएम, पण माझी मूळ केबलच हरवली आहे. मग ड्राइव्ह कोणत्या जातीचा, हे नुसत्या ड्राइव्हवरून कसं ओळखायचं? आणि चुकीचा ड्रायव्हर लावला तर डिस्कवरचा माल बिघडेल का?