घरशाळेत श्रुतलेखन घेऊनही वेलांट्या-उकार चुकतात, काय करावे?

घरशाळा_पुणे:
नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची असून तिचे सारे शिक्षण आम्ही घरीच, मराठीतून करतो. तिचे वाचन चांगले आहे आणि स्वतःच्या मनाने गोष्टी रचून ती लिहितेही. दर शनिवारी मी बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातील काही शब्द निवडून तिला श्रुतलेखन घालते. जोडाक्षरे बहुतेक बरोबर येतात, परंतु वेलांट्या आणि उकार ती अंदाजानेच देते. 'फूल' या शब्दाला दुसरा उकार असतो हे पक्के झाले, तर आता ती 'फूलांचा' असे लिहू लागली आहे. चुकलेला शब्द मी पाच वेळा लिहून घेते, तरी पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा होते आणि आता वही काढली की तिचा चेहरा उतरतो. पुढे मुक्त विद्यालयातून दहावीला बसवायचे असल्यामुळे लेखन पक्के व्हावे असे वाटते. श्रुतलेखन चालू ठेवावे का, आणि ठेवायचे तर कसे घ्यावे?

निवृत्त_शिक्षिका:
ताई, श्रुतलेखन बंद करू नका. मात्र ते शनिवारची परीक्षा म्हणून न घेता आठवडाभराच्या तयारीचा शेवटचा भाग म्हणून घ्या. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घातला फरक नेमकेपणाने पाळत नाही. 'विहिरीत' हा शब्द तुम्ही कितीही सावकाश उच्चारलात, तरी 'हि'ला पहिली वेलांटी आणि 'री'ला दुसरी, हे ऐकणाऱ्याला कळेलच असे नाही. आणि मुद्दाम लांबवून सांगितलात, तर ते उत्तरच सांगितल्यासारखे होते. ज्याचा निर्णय कान करू शकत नाही, ते मुलाने आधी डोळ्यांनी नीट पाहिलेले असले पाहिजे. इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांची पद्धत याच विचारावर उभी आहे. मुलाने उतारा आधी स्वतः अभ्यासायचा, अडणारे शब्द डोळ्यांत साठवायचे, मग शिक्षकाने तो थोडा थोडा करून सांगायचा आणि चुकीचे लिहिले गेलेले रूप लगेच झाकून टाकायचे, म्हणजे ते मनात ठसत नाही. चुकलेला शब्द पाच वेळा लिहून घेण्यापेक्षा तो खोडून, पुस्तकात पुन्हा पाहून, एकदाच नीट लिहू द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

सुट्या शब्दांऐवजी वाक्ये द्या, कारण तुमच्या मुलीची खरी अडचण शब्द बदलतो तेथे आहे. 'पाहुण्यांनी विहिरीचे पाणी काढून फुलांच्या वाफ्यांना घातले' हे एवढेसे वाक्य घ्या. सोमवारी ते तिने वाचावे आणि 'विहीर', 'फूल' हे मूळ शब्द वहीच्या समासात लिहावेत. मूळ शब्द अकारान्त आहे, म्हणून शेवटून दुसऱ्या अक्षराला दीर्घ वेलांटी किंवा दीर्घ उकार. प्रत्यय लागला की तेच अक्षर ऱ्हस्व होते, म्हणून 'विहिरीचे' आणि 'फुलांच्या'. 'मूल–मुलाला', 'गरीब–गरिबाला', 'वकील–वकिलाला' या जोड्या तिला स्वतः शोधू द्या. मराठी साहित्य महामंडळाचे जे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि ज्यांत १९७२ साली आणखी ४ नियमांची भर पडली, त्यांतील हा नियम लहान मुलाला सर्वांत जास्त उपयोगी पडतो, कारण एका नियमाने शेकडो शब्द सुटतात. नियम पाठ करून घेऊ नका. तपासताना केवळ 'येथे पहिला उकार का?' एवढे विचारा आणि उत्तरासाठी तिला वेळ द्या.

वऱ्हाडातला_बाबा:
बाईंच्या म्हणण्याशी मी बव्हंशी सहमत आहे, तरी न पाहिलेल्या उताऱ्याचे श्रुतलेखनही पूर्णपणे टाकू नये असे मला वाटते. जे खरोखर ऐकू येते, ते कानानेच शिकायचे असते. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, हा फरक उच्चारात स्पष्ट आहे आणि मुलांना तो ऐकून पकडायला आवडतो. आमच्या घरी 'पाणी'चे 'पानी' आणि 'डोळा'चा 'डोया' होतो. ती आमची बोली आहे आणि ती मुलाने बोलावी अशीच माझी इच्छा आहे. म्हणून श्रुतलेखनापूर्वी मी त्याला सांगतो की, आता पुस्तकातल्या भाषेत वाचतो आहे. मग 'ण' आणि 'ळ' मी स्वच्छ उच्चारतो आणि ते त्याच्या वहीत बरोबर उतरतात. अनुस्वाराचे मात्र वेगळे आहे. 'घरात' आणि 'घरांत' यांत कानाला फारसा भेद लागत नाही. घर एक की अनेक, हे वाक्याच्या अर्थावरूनच ठरवावे लागते, म्हणून तेथेही वाक्यच हवे.

वाचनवेडी_आई:
उतारे निवडताना पुस्तक कधी छापलेले आहे ते अवश्य पाहावे. १९६२ पूर्वीच्या पुस्तकांत 'नांव', 'कांहीं', 'घरीं' असे अनुस्वार असतात. ती पुस्तके वाचायला द्यावीत, परंतु श्रुतलेखनासाठी वापरू नयेत.

घरशाळा_पुणे:
सर्वांचे मनापासून आभार. वाक्यांची आणि समासातील मूळ शब्दांची पद्धत या आठवड्यापासून सुरू करते. एक शंका मात्र उरते. 'शरीर' या शब्दाला प्रत्यय लागला तरी 'शरीरात' असेच राहते आणि 'किडा' ऱ्हस्व असताना 'क्रीडा' दीर्घ असते. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द कोणते, हे नऊ वर्षांच्या मुलीला कसे ओळखता येणार?

निवृत्त_शिक्षिका:
या वयात ते ओळखता यावे अशी अपेक्षाच ठेवू नका. 'शरीर', 'गीत', 'पूजा', 'परीक्षा', 'क्रीडा' असे शब्द वाचनात येतील तसे वहीच्या मागच्या पानांवर वेगळे लिहून ठेवायला सांगा आणि उताऱ्यात त्यांतील एखादा असेल, तर श्रुतलेखनाआधी ते पान तिला पाहू द्या. 'गुरू' आणि 'गुरुवार', 'कवी' आणि 'कविसंमेलन' अशा जोड्याही त्याच पानांवर जाऊ द्या, कारण तेथेही शब्द एकटा असताना शेवट दीर्घ आणि जोडशब्दात पहिला आला की ऱ्हस्व, एवढेच तिने पाहायचे आहे. 'आणि' व 'परंतु' यांचा शेवट मात्र ऱ्हस्वच राहतो; हे दोन शब्द जवळजवळ प्रत्येक उताऱ्यात येतात, त्यामुळे ते वेगळे शिकवावेच लागणार नाहीत.