ओटीटी पुन्हा केबलच्या वाटेला लागलंय. मग पाहायचं काय?

कृष्णाकाठ :

प्राइम व्हिडिओने जून २०२५ मध्ये भारतात जाहिराती सुरू केल्या. वर्गणी भरलेली असतानाही मध्येच जाहिरात येते, आणि ती नको असेल तर वेगळे पैसे मोजा. त्याच वर्षी फेब्रुवारीत जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले. आयपीएल, एचबीओच्या मालिका, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सगळं एकाच ॲपवर. ॲमेझॉनने एमएक्स प्लेअर घेतला आणि तो जाहिरातींच्या जिवावर फुकट ठेवला. झी आणि सोनी यांचं विलीनीकरण दोन वर्षं चर्चेत राहून जानेवारी २०२४ मध्ये बारगळलं, नाहीतर दुकानं आणखी कमी झाली असती.

माझं म्हणणं असं की पुढच्या काही वर्षांत ओटीटी आणि केबल यांच्यात फारसा फरक उरणार नाही. दोन-तीन मोठ्या कंपन्या, क्रिकेट हा मुख्य माल, बाकी सगळं त्याच्या जोडीला. जाहिरात आली की प्रेक्षक जितका जास्त वेळ बसेल तितकं बरं, आणि प्रेक्षकाला बसवून ठेवायचं ठरलं की गोष्ट लांबते. हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. सह्याद्रीवर 'दामिनी' आली तेव्हापासून दैनंदिन मालिकांचं गणित आपण घरात बसून बघतोय.

म्हणून पाहण्याजोगं काय, याची माझ्यापुरती एकच कसोटी आहे : चित्रीकरण सुरू होण्याआधी शेवट लिहून झाला होता का?

उदाहरण देतो (पुढे रहस्यभेद आहे). 'ॲडोलसन्स' ही २०२५ ची ब्रिटिश मालिका. चारच भाग, आणि प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये, एकही कट नाही. पहाटे पोलीस दार फोडून घरात शिरतात आणि तेरा वर्षांच्या जेमीला खुनाच्या संशयावरून उचलतात. खून त्यानेच केलाय हे पहिल्या भागाच्या शेवटी सीसीटीव्हीवर दिसतं. म्हणजे रहस्य संपलं. एखाद्या वाहिनीने एवढ्या एका प्रश्नावर वर्षभर काढलं असतं. इथे उरलेले तीन भाग 'का' याच्यामागे लागतात. तिसऱ्या भागात जवळजवळ सगळा वेळ एक खोली आणि दोन माणसं : जेमी आणि त्याच्याशी बोलायला आलेली मानसशास्त्रज्ञ. ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणते, आपलं अर्धं सँडविच देते. तो मध्येच पोर होतो, मध्येच उठून तिच्या अंगावर ओरडतो. शेवटी त्याला घेऊन जातात, टेबलावर त्याने चावा घेतलेलं सँडविच राहतं, आणि ते उचलायला गेलेला तिचा हात मागे येतो. हा हात मागे घेण्याचा क्षण लिहायला लेखकाला माहीत असावं लागतं की आपण कुठे चाललोय.

याच कसोटीवर 'चेर्नोबिल' (पाच भाग), 'स्कॅम १९९२' आणि मराठीत 'मानवत मर्डर्स' उतरतात. मानवतवर सविस्तर प्रतिसादांत बोलू.

आणि ॲपवर निष्ठा ठेवू नका. एक महिना घ्या, ठरवलेलं बघा, बंद करा.

गोदाकाठची :

मी पूर्ण असहमत आहे, आणि थोडी रागावलेही आहे.

'शेवट लिहून झाला होता का' ही कादंबरी वाचणाऱ्याची कसोटी आहे. रोज संध्याकाळी साडेसातला जी मालिका लागते ती कुणी कादंबरी म्हणून बघत नाही. त्या घरात ती माणसं येऊन-जाऊन असतात. माझ्या सासूबाईंना दिसायला कमी झालंय, त्या मालिका अर्ध्याअधिक ऐकतात. कणीक मळता मळता, शेंगा सोलता सोलता. त्यांना तुमचा चार भागांचा सलग शॉट काय कामाचा?

'आई कुठे काय करते' २०१९ च्या डिसेंबरला सुरू झाली आणि पाच वर्षं चालली. मूळ बंगाली, 'श्रीमोयी'. अरुंधतीला नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण कळतं, ती घटस्फोट घेते, गाणं पुन्हा सुरू करते, आणि मुलांची लग्नं झाल्यावर स्वतः दुसरं लग्न करते. तो लग्नाचा ट्रॅक चालू होता तेव्हा आमच्या सोसायटीत बायका जिन्यात उभ्या राहून त्यावर बोलत होत्या. सासूबाई आधी म्हणत होत्या, 'या वयात कशाला?' अरुंधती रोज घरात येत राहिली, मुलांची बोलणी खात राहिली, आणि काही आठवड्यांनी त्याच म्हणाल्या, 'करू दे की. तिने कुणासाठी थांबायचं?' हा बदल चार भागांत होत नाही. त्याला रोजचा सहवास लागतो.

कृष्णाकाठ :

गोदाताई, सहवासाचा मुद्दा खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण त्याच अरुंधतीचं पुढे काय केलं ते पण सांगा ना. ज्याच्याशी लग्न करायला तिने एवढं सोसलं, त्या आशुतोषला २०२४ मध्ये अपघातात मारून टाकलं. तुमच्या सासूबाईंनी ज्यासाठी मन बदललं ते लग्न एका ट्रॅकमध्ये पुसून टाकलं. शेवट माहीत नसला की असं होतं. प्रेक्षकाने जीव लावलेल्या गोष्टीची किंमत लिहिणाऱ्यांना राहत नाही.

संवादलेखक :

मी या धंद्यात आहे, वाहिनी आणि मालिका सांगणार नाही. कृष्णाकाठ यांनी दोष लेखकावर टाकलाय, म्हणून लिहितो.

दैनंदिन मालिकेत कथा एकाची असते, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. मी तिसरा. दर गुरुवारी बार्कचे (टीव्ही किती जण बघतात ते मोजणाऱ्या संस्थेचे) आकडे येतात आणि त्यावर पुढचे ट्रॅक फिरतात. ज्या खलनायिकेला तीन महिन्यांत तुरुंगात पाठवायचं ठरलं होतं, तिच्या प्रसंगांना टीआरपी आला तर ती सुटते. एपिसोडची बँक, म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेले भाग, संपली की सकाळच्या शिफ्टचे सीन रात्री उशिरा लिहून होतात, नट मेकअप करता करता पानं वाचतात. साधारण बावीस मिनिटांचा भाग, आठवड्याला सहा, कधी महारविवार. यात शेवट कुणाला माहीत असणार? तो वाहिनीलाच माहीत नसतो. मालिका कधी बंद होणार हे आम्हाला पण बऱ्याचदा अगदी शेवटी कळतं.

पण याच धंद्याने नाटकातल्या माणसांना जगवलंय, हे कुणी विसरू नये. प्रयोग शनिवार-रविवार, घराचे हप्ते दर महिन्याला. मराठी रंगभूमीवर आज जे चांगले नट-नट्या दिसतात, त्यांतल्या अनेकांचं घर मालिकेने चालतं. मालिका बंद करा म्हणणाऱ्याने नाटकाचाही विचार करावा.

आणि ओटीटीवाले फार शुद्ध आहेत असं समजू नका. तिथे गुरुवार नसतो, पण किती लोकांनी शेवटपर्यंत पाहिलं याचा हिशेब असतोच. शेवटच्या भागात नवा धागा मोकळा सोडा, दुसरा सीझन मिळाला तर बघू, ही सूचना तिथेही येते.

फुलेऱ्याचा वाटसरू :

संवादलेखक यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोरदार अनुमोदन. 'पंचायत'चंच बघा. २०२० चा पहिला सीझन म्हणजे छोट्या छोट्या गोष्टी. सचिवाने ऑफिससाठी चाकाची खुर्ची आणली, लग्नात नवरदेव नेमका तीच खुर्ची मागून बसला, आणि एवढ्याशावरून केवढं महाभारत. खुर्चीतून गावातली प्रतिष्ठा, पद, मानापमान सगळं दिसतं, आणि कुणी भाषण करत नाही. २०२५ च्या चौथ्या सीझनपर्यंत येईतो सगळं निवडणुकीच्या उखाळ्यापाखाळ्यांत अडकलं. माणसं तीच, अभिनय तसाच उत्तम, पण गोष्ट पुढे सरकत नाही. माझ्या मते पहिले दोन सीझन बघावेत आणि थांबावं.

पण कृष्णाकाठ, तुमची कसोटी मला पटत नाही. लांबी हा गुन्हा नाही. 'द वायर'चे साठ भाग आहेत आणि त्यातला एकही फुकट नाही. खरा फरक रोजच्या आणि आठवड्याच्या मालिकेत आहे. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवा. आठवड्यातून एकदा आबा डायरी लिहायला बसायचे. प्रत्येक भागाला स्वतःचा विषय, स्वतःचा शेवट. संपूर्ण मालिकेचा शेवट काय, हा प्रश्न कधी कुणाला पडला नाही आणि तरी ती आजही बघवते. लेखकाला आठवडाभर वेळ मिळत होता, एवढंच गुपित.

परदेशातही तेच परत येतंय. 'द पिट' बघा (जिओहॉटस्टारवर आहे). पिट्सबर्गच्या इमर्जन्सी विभागातली एक पाळी, पंधरा भाग, प्रत्येक भाग म्हणजे पाळीतला एक तास. दर आठवड्याला एक. २०२५ चा सर्वोत्तम ड्रामाचा एमी तिला मिळाला. ती जुन्या टीव्हीच्या पद्धतीने बनवलेली मालिका आहे, फक्त ओटीटीवर लागली. ओटीटी टीव्हीसारखं होतंय याचं तुम्हाला दुःख आहे. मला वाटतं चांगल्या टीव्हीसारखं झालं तर फायदाच आहे.

कृष्णाकाठ :

वाटसरू, टिपरेंचं उदाहरण चपखल आहे. पण आज साप्ताहिक मराठी कौटुंबिक मालिकेला स्लॉट कोण देणार? रोज एकाच वेळी एकच मालिका लावण्याची सवय वाहिन्यांनी लावलीय, आणि जाहिरातदार त्या सवयीचे पैसे देतो. मर्यादित भागांची मालिका निदान ओटीटीवर तरी बनू शकते. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' वाहिनीवर असूनही २०१२ मध्येच सुरू होऊन त्याच वर्षी संपली, आणि लोक आजही तिचं नाव काढतात. संपली म्हणून काढतात.

मानवतबद्दल लिहितो म्हणालो होतो. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये बायका आणि लहान मुलींचे खून झाले, गुप्तधनाच्या आणि मूल होण्याच्या अंधश्रद्धेपोटी. तपास पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींनी केला आणि मालिका त्यांच्याच पुस्तकावर बेतलीय. आशुतोष गोवारीकर कुलकर्णी झालेत, मकरंद अनासपुरे त्यातला आरोपी उत्तमराव. अनासपुरेंना आपण इतकी वर्षं हसण्यासाठी बघत आलो, इथे त्यांच्याकडे बघताना अंगावर काटा येतो. बोली परभणीकडचीच वाटते, पुण्याची नाही. दुष्काळाच्या वर्षांतलं गाव, त्यातली भीती, आणि त्या भीतीत सगळेच थोडेथोडे सामील. दिग्दर्शक आशिष बेंडे. काही ठिकाणी मागे-पुढे जाणारा काळ गोंधळात टाकतो, ते मान्य. पण मराठीत गुन्हेकथा या ताकदीने झालेली मी क्वचित पाहिली.

यारा नदीकाठी :

मेलबर्नहून. इथे भांडण वेगळंच आहे : मराठी मिळतं कुठे? बंगाली लोकांकडे २०१७ पासून 'होईचोई' हे ॲप आहे, तेलुगूला २०२० पासून 'आहा'. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी, बंगाली ९.७ कोटी. फरक एवढा मोठा नाही. आपण हिंदीच्या आणि क्रिकेटच्या ॲपमध्ये एका कोपऱ्यात राहण्यातच का समाधान मानायचं? माझ्या मुलांना मराठी ऐकून कळतं. त्यांच्याबरोबर बसून 'पेट पुराण' पाहिली. मूल नको म्हणणारं जोडपं कुत्रा आणि मांजर आणतं, एवढीच गोष्ट. मुलं सबटायटल न बघता हसली. मला तरी आणखी काही नको.

संवादलेखक :

यारा, बंगालीला बांगलादेशचाही प्रेक्षक आहे, हे विसरू नका. मुख्य म्हणजे मराठी माणसाला हिंदी सहज कळतं, त्यामुळे पैसे देऊन मराठीच बघेन असा आग्रह नसतो. प्लॅनेट मराठी हे ॲप २०२१ मध्ये आलं, पुढच्या वर्षी 'रानबाजार' गाजली. पण एखादी मालिका गाजली म्हणून वर्षभराची वर्गणी टिकत नाही. दर महिन्याला नवं काही द्यावं लागतं. आणि कृष्णाकाठ यांचा 'एक महिना घ्या, बंद करा' हा सल्ला मोठ्या कंपनीला पचतो, छोट्या मराठी ॲपला नाही.

केरळ सरकारने मार्च २०२४ मध्ये सीस्पेस नावाचं स्वतःचं ओटीटी काढलं. वर्गणी नाही, जे बघाल त्याचे पैसे, आणि त्यातला वाटा निर्मात्याला. मराठीत असं काहीतरी व्हावं असं मला मनापासून वाटतं. सुरुवातीला सह्याद्रीचा जुना साठा जरी नीट साफ करून लावला तरी बघणारे निघतील.

आंबोलीचा पाऊस :

तुम्ही सगळे ॲप ॲप करताय. आमच्याकडे जूनपासून वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची. छपरावर दूरदर्शनची फ्री डिश आहे, महिन्याला पैसे नाहीत, जे लागतं ते बघतो. सिंधुदुर्गात 'रात्रीस खेळ चाले'चं शूटिंग झालं तेव्हा मालवणी ऐकायला मिळाली म्हणून घराघरांत बघितली. ती दैनंदिनच होती. पुढच्या भागांत ताणली, ते खरं. पण भविष्य ओटीटीचं म्हणताना अर्धा महाराष्ट्र सोडून बोलू नका.

गोदाकाठची :

आंबोलीकर, हेच मला सांगायचं होतं.

कृष्णाकाठ, आशुतोषला मारलं तेव्हा सासूबाईंनी दोन दिवस टीव्ही लावला नव्हता. तो राग माझाही आहे. पण तुम्ही त्यातून निष्कर्ष काढलात की दैनंदिन मालिका बघूच नये, आणि मी काढते की त्या बघणाऱ्या बायकांचं मत कुणीतरी विचारावं. गुरुवारच्या आकड्यात बाई टीव्हीसमोर होती एवढं कळतं. ती चिडून बसली होती की मनापासून, ते कळत नाही. संवादलेखक, तुमच्या वाहिनीत हे कुणी विचारतं का?

मानवत मी बघेन, पण एकटी. घरात रात्री ती लावणार नाही. आणि वाटसरूंचं साप्ताहिकाचं मला पटलंय. रविवारी दुपारी पुनःप्रक्षेपण लावतात, त्या जागी एक तासाची, वीस-पंचवीस भागांत संपणारी मराठी मालिका लावा. सासूबाईंना ऐकू येईल अशी, आणि फ्री डिशवर.