मदत हवी आहे : पिकअपला जादा डिझेल फिल्टर लावला तर वॉरंटी जाते का?

नमस्कार मंडळी. माझी बीएस-६ डिझेल पिकअप आहे, नारायणगाव ते वाशी टोमॅटोच्या फेऱ्या. या पावसाळ्यात दोनदा डिझेलमधल्या पाण्याचा दिवा लागला. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढलं, पण धास्ती बसलीय. कॉमन रेलच्या (जास्त दाबाने इंजिनात डिझेल फवारणाऱ्या यंत्रणेच्या) इंजेक्टरात पाणी गेलं तर संपलंच. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, टाकी आणि कंपनीच्या फिल्टरच्या मध्ये वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा जादा फिल्टर) टाक. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, त्यासाठी डिझेलचा पाइप कापला की वॉरंटी विसरा. (डिझेल भरायचा पंप बदला सांगू नका, बदललाय.)

वॉरंटी अजून वर्षभर आहे. असा फिल्टर लावून नंतर इंजेक्टरचा क्लेम कुणाला मिळालाय का? पाइप न कापता मूळ कनेक्टरवर बसणारं किट कुठे मिळेल? कंपनीकडून लेखी परवानगी कुणी मिळवलीय?